आरपार साबण

पारदर्शक साबण जास्त शुद्ध असतो, हा समज फार जुना. अँड्र्यू पिअर्स यांनी लंडनमध्ये १८०७ साली असा साबण विकायला काढला, तेव्हापासून आरपार दिसणाऱ्या वडीचा रुबाब टिकून आहे. घरी करायला घेतलं की तो जरा उतरतो. साध्या साबणापेक्षा यात उलट जास्तच जिन्नस पडतात: स्पिरिट, ग्लिसरीन, साखर. थंड होताना साबणाचे स्फटिक वाढतात, उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि वडी पांढरट दिसते. हे तिघे स्फटिकांना मोठं होऊ देत नाहीत. करामत काय ती एवढीच.

तेलं मी खोबरेल आणि एरंडेल घेतो, सोबत थोडं स्टीअरिक ॲसिड. खोबरेलाने फेस येतो, एरंडेलाने नितळपणा. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, एरंडेलाला १३च्या आसपास. एरवी त्वचेला बरं म्हणून थोडं तेल जादा ठेवतात. इथे तेच तेल वडी धूसर करतं. तेव्हा अंदाजपंचे काम नको, वजनकाटा हवा. पाणीही डिस्टिल्ड घ्यावं, बोअरच्या जड पाण्याने साबण गढुळतो.

खरी गंमत स्पिरिटपाशी. शुद्ध इथाइल अल्कोहोल आपल्याकडे परवान्याशिवाय मिळत नाही, म्हणून मी आयसोप्रोपाइलवर भागवतो. वास रेंगाळतो, पण काम होतं. पूर्ण शिजलेला साबण त्यात विरघळेपर्यंत भांडं झाकून गरम पाण्यात ठेवायचं. मग ग्लिसरीन आणि पाक. एकतारी वगैरे नको, साखर विरघळली की पुरे. थेंबभर मिश्रण गार बशीवर टाकायचं. धूसर दिसलं तर आणखी थोडं स्पिरिट, आणि पुन्हा बशी. त्या बशीकडे बघतानाची धाकधूक मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत प्रिय आहे.

साच्यातून काढलेली वडी काही आठवडे ठेवली, की स्पिरिट उडून ती कडक आणि आणखी नितळ होते. पावसाळ्यात मात्र ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि वडीला घाम फुटतो. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये हा उद्योग न केलेलाच बरा.

करणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घाला. सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर ओतू नका. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका. आणि स्पिरिटची बाटली उघडण्याआधी गॅस बंद करा, देवापुढचा दिवासुद्धा.