फणींतील वीज व आभाळांतील वीज

पौष महिना लागला म्हणजे आमच्या मुकुटबनकडील हवा अगदीं कोरडी होते. अशा रात्रीं लोकरीचा स्वेटर काढतांना चटचट आवाज होतो आणि अंधारांत बारीक ठिणग्याही दिसतात. वर्गांत हाच चमत्कार आम्ही फणीनें दाखवितों. कोरड्या केंसांतून फिरविलेली फणी कागदाच्या कपट्यांजवळ नेली कीं ते उडी मारून तिला चिकटतात. श्रावणांत मात्र हा प्रयोग बहुधा फसतो. कारण दमट हवेंत वस्तूंवर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो व त्यावाटे विद्युद्भार निघून जातो.

हा भार घर्षणानें नवा निर्माण होत नाहीं. प्रत्येक पदार्थांत धन व ऋण भार समप्रमाणांत असतात. घांसतांना केंसांतील कांहीं इलेक्ट्रॉन फणीवर जातात. फणी ऋण होते, केंस धन होतात. एकाला जितकें मिळालें तितकेंच दुसऱ्याचें गेलें, हा हिशेब निसर्ग कधींही चुकवीत नाहीं. सजातीय भार परस्परांस दूर सारतात, विजातीय ओढतात. अंतर दुप्पट झालें कीं बळ चतुर्थांश उरतें, हें कुलोम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८५ सालीं मोजून दाखविलें.

मृगांत पेरणीच्या वेळीं हाच व्यवहार आभाळांत प्रचंड प्रमाणावर चालतो. ढगांत बारीक गारा व हिमकण एकमेकांवर आदळून भार विभागले जातात. ढगाचा तळ बहुधा ऋण होतो व त्याखालील जमीन धन. मग त्या भारास वाट हवी असते, आणि कापसाच्या रानांत एकटें उभें असलेलें झाड ती वाट सोपी करतें. म्हणून गडगडाट ऐकूं येतांच पक्क्या घरांत जावें. झाडाचा आसरा घेऊं नये.

विद्यार्थीमित्रहो, वीज पडलेल्या मनुष्याच्या अंगांत ती साठून राहते, सबब त्यास शिवूं नये, असा एक समज आहे. त्यापायीं मोलाचा वेळ जातो. फणीवर भार टिकतो, कारण ती दुर्वाहक आहे; मनुष्याच्या शरीरांतून तो क्षणार्धांत जमिनींत निघून जातो. अशा मनुष्यास स्पर्श करण्यांत धोका नाहीं. श्वास थांबला असेल तर तात्काळ छाती दाबण्यास आरंभ करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपले आईबाप त्या दिवसांत शेतांत असतात. परीक्षेंत या धड्यास चार गुण असतील वा नसतील. परंतु पहिला पाऊस येण्यापूर्वीं तो घरीं एकदां अवश्य सांगावा.