लपायच्या जागा



चातुर्मासात धान्य निवडायला मला दुप्पट वेळ लागतो. पावसाळी हवेत तांदळात कधी सोंडे होतील याचा नेम नसतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "एक सोंडा सापडला म्हणून सूप खाली ठेवायचं नाही. उलट आता जास्त नीट बघायचं." गेल्या पावसाळ्यात त्यांचं हे सांगणं त्यांच्याच उपयोगी पडलं.

माझी लेक तेव्हा इंटर्नशिप करत होती आणि छातीचा एक्स-रे वाचायला शिकत होती. मी निवडत बसले की ती समोर लॅपटॉप उघडून मोठ्यानं पाठ म्हणायची. ऐकून ऐकून मलाही क्रम पाठ झाला. आधी नाव, तारीख, डावी-उजवी खूण. फोटोत माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा बघायचा, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. मग फोटोच नीट आलाय का ते बघायचं. दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मधल्या मणक्यापासून सारख्या अंतरावर असली, तर माणूस सरळ उभा होता. मागच्या ९-१० बरगड्या मोजता आल्या, तर श्वास पुरेसा भरून घेतला होता. खाटेवर झोपवून समोरून काढलेल्या फोटोत हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, तेही लक्षात ठेवायचं.

त्यानंतर श्वासनलिका मधोमध आहे का, उभ्यानं पाठीकडून काढलेल्या फोटोत हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही ना, फुफ्फुसांचे खालचे कोपरे टोकदार आहेत का. कोपरा बोथट दिसला तर पाणी साठल्याची शंका घ्यायची.

"आणि शेवटी लपायच्या जागा," ती म्हणायची. "कॉलर बोनच्या मागे, हृदयाच्या मागे, पडद्याच्या खाली."

श्रावणात आई न्हाणीघरात घसरल्या. कुशीत कळ येत होती, म्हणून एक्स-रे काढला. लेकीनं फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीवर धरली.

"आजी, हे बघ. उजवीकडची आठवी बरगडी. बारीक तडा आहे."

दुखण्याचं कारण सापडलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिनं फिल्म पाकिटात घातली. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, लपायच्या जागा बघितल्यास का?"

ती ओशाळली. फिल्म पुन्हा काढली आणि या वेळी नावापासून सुरुवात केली. डाव्या कॉलर बोनपाशी येऊन थांबली. उजव्या बाजूशी ताडून पाहिलं. तिथे पुसट पांढुरके ठिपके होते.

"आई, आजीला खोकला किती दिवस आहे गं?"

मला आठवावं लागलं. महिना उलटून गेला होता. मी पावसाला आणि वयाला दोष देऊन रोज सुंठ-मिऱ्याचा काढा देत होते. आधीपेक्षा त्यांचं जेवण कमी झालं होतं, तेही मी उपवासांवर ढकललं होतं.

"ठिपके म्हणजे टीबीच, असं फोटो सांगत नाही," लेक म्हणाली. "जुन्या आजाराचा वणही असू शकतो. थुंकी तपासायला हवी." तपासली. टीबीच निघाला. सहा महिने औषधं चालली, घरातल्या आम्हा सगळ्यांचीही तपासणी झाली.

लेकीनं तिच्या सरांना आपली चूक सांगितली. ते म्हणाले, मुरलेल्या डॉक्टरांचंही असं होतं. एक दोष सापडला की मन निवांत होतं आणि नजर शोधायचं थांबवते. त्याला 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च' म्हणतात. आईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "एवढं मोठं नाव कशाला? सूप लवकर खाली ठेवलं म्हणायचं."

मैत्रिणींनो, घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर काढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आई आता बऱ्या आहेत. माझ्या शेजारी बसून मी निवडलेले तांदूळ पुन्हा एकदा निवडतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मीच सूप त्यांच्याकडे सरकवते.