मोज्याचा चेंडू

निवृत्त झाल्यापासून सायंकाळी गावाबाहेरच्या माळावर फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे. माळाच्या एका अंगास मुलांचा फुटबॉल चाललेला असतो. परवा खेळता खेळता त्यांचा चेंडू बाभळीच्या काट्याने फुटला. मुले क्षणभर हिरमुसली. इतक्यात एक मुलगा घरी धावत गेला आणि एक जुना मोजा घेऊन आला. त्यात चिंध्या व वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्याने तो सुतळीने आवळला. झाला चेंडू तयार! खेळ पुन्हा रंगला.

तो ओबडधोबड चेंडू पाहताच मला दोन मुलांची आठवण झाली. त्यांपैकी एकाला सारे जग ओळखते. दुसऱ्याला माझ्यावाचून फारसे कोणी ओळखत नसेल.

जगाला ठाऊक असलेल्या मुलाचे नाव युसेबिओ. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर मोझांबिक नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीला आज मापुतो म्हणतात. त्या वेळी तिचे नाव लोरेन्सो मार्किश असे होते. या शहरातील माफलाला नावाच्या वस्तीत २५ जानेवारी १९४२ रोजी युसेबिओचा जन्म झाला. गोऱ्या लोकांचे शहर सिमेंटचे, तर माफलाला लाकडाची आणि पत्र्याची. मोझांबिकवर तेव्हा पोर्तुगालची सत्ता होती. आपला गोवाही त्याच सत्तेखाली होता, आणि गोव्यातील कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी मोझांबिकला जाऊन राहिली होती. सत्ताधीश एकच असल्यामुळे त्या दूरच्या देशाशी आपला असा एक धागा जुळलेला आहे.

युसेबिओचे वडील रेल्वेत कामाला होते. तो आठ वर्षांचा असताना धनुर्वाताने त्यांचे निधन झाले आणि मुलांचा सारा भार आईवर पडला. घरात दारिद्र्य होते. मग चेंडू कोठून मिळणार? मोज्यांत वर्तमानपत्रे कोंबून मुले चेंडू करीत आणि अनवाणी खेळत. असा चेंडू नीट उसळत नाही आणि सरळ घरंगळतही नाही. जो त्याला ताब्यात ठेवावयास शिकला, त्याला चामड्याचा चेंडू काय जड जाणार? युसेबिओ शाळा बुडवूनही खेळे. हा गुण घेण्यासारखा नाही, हे एका जुन्या शिक्षकाने सांगावयास हवे. परंतु त्या मुलाची खेळावरील निष्ठा मात्र विलक्षण होती.

लोरेन्सो मार्किश येथील देस्पोर्तिव्हो या संघात आपल्याला प्रवेश मिळावा, अशी त्याची मनापासून इच्छा होती. पण त्याची परीक्षाही न घेता त्याला तेथून परत पाठविण्यात आले. मग तो स्पोर्टिंग या दुसऱ्या संघाकडे गेला आणि त्यांनी त्याला ठेवून घेतले.

हा प्रसंग मी प्रथम वाचला, तेव्हा हातातील पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. मला तो दुसरा मुलगा आठवला.

मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि शाळेचा फुटबॉल संघ निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. निवडीच्या दिवशी एक सडपातळ मुलगा रांगेत उभा राहिला. त्याच्या पायांत बूट नव्हते. "सर, मला एकदा खेळून दाखवू द्या," तो म्हणाला. मी नियमावर बोट ठेवले. "बूट असतील तरच मैदानात यायचे. उद्या पायाला लागले, तर जबाबदार कोण?" असे म्हणून मी त्याला बाजूला केले. तो काही बोलला नाही. कुंपणाजवळ उभा राहून त्याने सारा खेळ पाहिला आणि काळोख पडण्यापूर्वी तो घरी गेला. पुन्हा तो मैदानाकडे फिरकला नाही.

असो. युसेबिओला देस्पोर्तिव्होने नाकारले. परंतु त्याचे दैव बलवत्तर होते. मोझांबिकच्या दौऱ्यावर आलेल्या एका ब्राझिली प्रशिक्षकाने त्याचा खेळ पाहिला. पुढे लिस्बन येथे एका केशकर्तनालयात त्या गृहस्थाने बेनफिका संघाचे प्रशिक्षक बेला गुटमन यांच्यापाशी त्याची वाखाणणी केली, अशी कथा सांगतात. डिसेंबर १९६० मध्ये अठरा वर्षांचा युसेबिओ विमानाने लिस्बनला पोहोचला. लिस्बनमधील स्पोर्टिंग संघही त्याच्यावर हक्क सांगत होता. म्हणून बेनफिकाने त्याला काही दिवस दूर समुद्रकाठच्या गावी लपवून ठेवले आणि निरोपात त्याच्यासाठी 'रूथ' असे मुलीचे नाव वापरले!

जून १९६१ मध्ये पॅरिसला बेनफिकाचा सामना ब्राझीलच्या सांतोस संघाशी झाला. सांतोसमध्ये साक्षात पेले खेळत होता. बेनफिका पुरता मागे पडला असताना युसेबिओला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरविण्यात आले. सामना सांतोसने ६-३ असा जिंकला. परंतु बेनफिकाचे ते तिन्ही गोल या नवख्या मुलाने केले होते. पुढच्याच वर्षी, २ मे १९६२ रोजी, ॲमस्टरडॅम येथे युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात बलाढ्य रेआल माद्रिदला बेनफिकाने ५-३ असे नमविले. त्यांतील दोन गोल युसेबिओचे. विजयानंतर त्याने काय मिळविले, ठाऊक आहे? ज्याला तो लहानपणापासून मनोमन मानीत होता, त्या डी स्टेफानो या प्रतिस्पर्धी खेळाडूचा सदरा! तो सदरा त्याने जिवापाड जपला.

१९६५ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूला देण्यात येणारा सुवर्णचेंडू त्याला मिळाला. आफ्रिकेत जन्मलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच लाभत होता.

तथापि त्याचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविले ते १९६६ च्या विश्वचषकाने. ही स्पर्धा इंग्लंडमध्ये भरली होती. मोझांबिक पोर्तुगालच्या ताब्यात असल्यामुळे युसेबिओ पोर्तुगालकडून खेळत होता. संघाचा कर्णधार मारियो कोलुना हाही मोझांबिकचाच. २३ जुलै रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर पोर्तुगालची गाठ उत्तर कोरियाशी पडली. पहिल्याच मिनिटात कोरियाने गोल केला आणि पंचवीस मिनिटांत तीन गोल झाले. पोर्तुगालच्या खात्यावर शून्य! प्रेक्षक थक्क झाले.

अशा वेळी मनुष्य दोन गोष्टी करू शकतो. सहकाऱ्यांना दोष देत हताश होऊ शकतो, अथवा चेंडू उचलून पुन्हा आरंभ करू शकतो. २७ व्या मिनिटाला युसेबिओने पहिला गोल केला. आनंदाने नाचण्यात त्याने वेळ दवडला नाही. जाळ्यातील चेंडू स्वतः उचलून तो मैदानाच्या मध्याकडे धावत सुटला. जणू तो सांगत होता, 'चला, अजून पुष्कळ काम बाकी आहे.' मध्यंतरापूर्वी दुसरा गोल, मध्यंतरानंतर तिसरा, आणि ५९ व्या मिनिटाला चौथा. चारही गोल त्या एकट्याचे! अखेर पोर्तुगालने सामना ५-३ असा जिंकला.

उपान्त्य सामन्यात मात्र इंग्लंडने पोर्तुगालला २-१ असे हरविले. युसेबिओ डोळे पुशीत मैदानाबाहेर पडला. त्या अश्रूंत कमीपणा मुळीच नव्हता. ज्याने सर्वस्व पणाला लावले, त्याचे ते अश्रू होते. स्पर्धेत पोर्तुगालला तिसरे स्थान मिळाले आणि सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल करण्याचा मान युसेबिओला मिळाला.

आता त्याच्या आयुष्यातील मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंग सांगतो. त्यात त्याचा गोल झालाच नाही! २९ मे १९६८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर बेनफिका आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात युरोपीय चषकाचा अंतिम सामना चालला होता. १-१ अशी बरोबरी असून खेळ संपत आला होता. युसेबिओ चेंडू घेऊन गोलरक्षकासमोर पोहोचला. त्याने तोफगोळ्यासारखा फटका मारला. परंतु गोलरक्षक अलेक्स स्टेपनी याने तो छातीशी झेलला. चषक हातातोंडाशी येऊन निसटला होता. अशा क्षणी युसेबिओने काय करावे? त्याने तेथेच थांबून स्टेपनीसाठी टाळ्या वाजविल्या. बेनफिका तो सामना ४-१ असा हरला. विजेत्यांची नावे अनेकांच्या स्मरणातून गेली असतील. त्या टाळ्या मात्र अजून आठवल्या जातात.

त्याच्या पराक्रमाचे आकडे थक्क करणारे आहेत. बेनफिकाकडून ४४० अधिकृत सामन्यांत ४७३ गोल. पोर्तुगालकडून ६४ सामन्यांत ४१ गोल. हा उच्चांक २००५ पर्यंत अबाधित होता. युरोपात सर्वाधिक गोल करणाऱ्याला देण्यात येणारा सोन्याचा बूट १९६८ मध्ये सुरू झाला आणि तो पहिल्याच वर्षी युसेबिओला मिळाला. १९७३ मध्ये तो त्याने पुन्हा जिंकला. ज्या पायांना लहानपणी बूट मिळाला नाही, त्यांना सोन्याचे दोन बूट मिळाले! या यशाचे मोल त्या पायांनीच मोजले. डाव्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो खेळत राहिला.

तो गोल करीत होता, त्याच काळात त्याची जन्मभूमी स्वातंत्र्यासाठी लढत होती. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. मोझांबिकला स्वातंत्र्यासाठी २५ जून १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. युसेबिओच्या सदऱ्यावर पोर्तुगालचे चिन्ह होते, आणि माफलालातील माणसे त्याला आपला मुलगा मानीत होती. दोन्ही देशांनी त्याच्यावर प्रेम केले. ५ जानेवारी २०१४ रोजी लिस्बन येथे त्याचे निधन झाले, तेव्हा पोर्तुगालने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला. २०१५ मध्ये त्याचे अवशेष तेथील राष्ट्रीय स्मारकमंदिरात थोर पुरुषांच्या शेजारी ठेवण्यात आले.

आणि तो दुसरा मुलगा? अनेक वर्षांनी तो मला एस.टी.च्या स्थानकावर भेटला. आता तो चालक झाला होता. त्याने मला ओळखले आणि वाकून नमस्कार केला. "सर, बरे आहात ना?" त्याने आपुलकीने विचारले. त्या दिवसाविषयी बोलावे, असे माझ्या ओठांवर आले होते. पण घंटा झाली आणि तो गाडीत जाऊन बसला.

पुढे मी मुख्याध्यापक झालो, तेव्हा पहिल्याच वर्षी एक नियम घातला. निवडीच्या दिवशी सर्वांनी अनवाणीच खेळायचे, आणि एकालाही न पाहता परत पाठवायचे नाही. तो नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. त्या मुलाला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

युसेबिओने केलेले गोल मोजता येतात. तो मुलगा कसा खेळला असता, हे मला कधीच कळणार नाही. कारण त्या दिवशी मी ते पाहिलेच नाही.