तेरावा महिना

आईच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी कालनिर्णय लावलेलं असतं. त्यातल्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कुणाचं केळवण, कुणाची मुंज. हल्ली एक नोंद वाढली आहे, 'रिचार्ज संपतं'. बाकीच्या नोंदींना आपापली जागा आहे. पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला जमा होते, दूधवाला आणि वाणी त्यानंतर येतात. रिचार्जची तारीख मात्र मागे मागे सरकत राहते. वार तेवढा हलत नाही. चार आठवडे नेमके भरतात, म्हणून तिचं रिचार्ज कायम बुधवारी संपतं.

२८ दिवसांचा हा महिना कुठल्याच पंचांगात बसत नाही. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. सूर्याशी त्याचा मेळ घालायला दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो, जावयाला अनारसे वाढले जातात. फोनचा अधिक मास दर वर्षीच येतो. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. बारा महिन्यांच्या वर्षात तेरा रिचार्ज. दुष्काळात तेरावा महिना, असं आपले लोक म्हणत आले, ते अंगावर आलेल्या जास्तीच्या खर्चाच्या धास्तीनंच. एका पेन्शनवर दोन फोन चालवणाऱ्या घरात ती धास्ती अजून तशीच आहे.

आईचा जुना फोन बॅटरी फुगून गेला. नवा घेताना तिचं म्हणणं एकच, बटणांचाच हवा. एसटी स्टँडसमोरच्या दुकानातल्या मुलानं दोन-तीन काढून दाखवले, "काकू, मोठा स्क्रीन घ्या, नातवंडं दिसतील." आईनं एक हातात घेतला आणि स्क्रीनकडे न बघताच अंगठा बटणांवरून फिरवला. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तो सापडला की वरचा दोन, खालचा आठ, डावीकडचा चार तिला डोळे मिटून सापडतात. मोतीबिंदूच्या दिवसांत ती याच उंचवट्याच्या आधारानं माझा नंबर लावायची. "हा दे," ती म्हणाली. वर टॉर्चही होता. पहाटे लाइट गेली की तिला तो लागतो.

मुलानं सिम घातलं, आधारवरून अंगठा घेतला आणि पॅक मारला, रोज दीड जीबी डेटा, २८ दिवस. इंटरनेटचा 'इ' नसलेल्या फोनला रोज दीड जीबी! रात्री बारा वाजता तो हातही न लागता संपतो आणि बारा वाजून एक मिनिटानं नवा येतो. पैसे मात्र आईच्या पेन्शनमधून गेलेले असतात. मला याचा राग येतो. मुलावर नाही, त्याच्यासमोर जी यादी उघडली त्यातलं सगळ्यात वरचं त्यानं निवडलं.

एके काळी पैसे बोलण्याचे लागत. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि मिस कॉलला खरा बहर आला. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे तू कर. आईनं अख्खा संसार या रिंगांवर सांभाळला आहे. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा आला, २०१६ नंतर तर बोलणं जवळजवळ फुकटच झालं. आता पैसे लागतात ते आपला नंबर जिवंत ठेवायला. वैधता संपली की आधी जाणारे फोन थांबतात, मग काही दिवसांनी येणारेही. आईच्या जिवाला घोर असतो तो याचा. तिला कुणाला फारसे फोन करायचे नसतात. पण बँकेचा मेसेज, सिलिंडरवाल्याला सांगायचा कोड, रात्री-अपरात्री बहिणीकडची बातमी हे सगळं त्या एका नंबरावर येतं.

म्हाताऱ्या माणसाचं घराबाहेर पडणं कमी होतं, तसा फोन हाच त्याचा उंबरठा होतो. त्या उंबरठ्याचं भाडं त्याच्या गरजेइतकंच असावं, एवढी साधी मागणी आहे, आणि तिला नियमाचा आधारही आहे. दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्यानं करता येणारा पॅक ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. फक्त बोलणं आणि एसएमएस यांचाही निदान एक पॅक हवा, आणि अशा पॅकची मुदत वर्षभरापर्यंत ठेवता येईल. जानेवारी २०२५ पासून असे पॅक मिळू लागले. त्यांतले कितीतरी ८४ दिवसांचे आहेत, म्हणजे पुन्हा अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी. तरी आईसारखीला ते सोयीचे आहेत. न वापरलेल्या डेटाचे पैसे वाचतात आणि दर चार आठवड्यांची धाकधूक थांबते.

आई-वडिलांचं रिचार्ज पुष्कळदा आपणच करतो, ऑफिसला जाता जाता, समोर येईल तो पॅक दाबून. पुढच्या वेळी ती यादी शेवटपर्यंत खाली न्या. त्यांच्याकडे बटणांचा फोन असेल तर फक्त बोलण्याचा पॅक मागा. दुकानदार नाही म्हणाला तर पुन्हा मागा, कारण तो ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे.