चिंधीची पिशवी आणि शिलाईचे मोल

कापड फुकट मिळाले म्हणून पिशवी फुकट होत नाही. ही साधी गोष्ट आपल्या भगिनींना अजून पटायची आहे, आणि त्यांच्याकडून घाऊक माल उचलणाऱ्यांना तर ती पटवूनच घ्यायची नाही. आम्ही कारखान्याच्या हिशेब खात्यात कारकुनी करणारे. शिवणकामातले आम्हाला बेताचेच कळते, परंतु कोणत्या वस्तूला काय खर्च आला हे मांडणे आमचे रोजचे काम. म्हणून वस्तीतल्या बायकांच्या शिलाईचा हिशेब आमच्याकडे आला.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये चिंध्यांना तोटा नाही. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी वसवलेल्या पिंपरी कॅम्पात कापडाची दुकाने आणि शिंपी खच्चून आहेत. ब्लाउज-ड्रेसचे उरलेले तुकडे तिथे गठ्ठ्याने मिळतात. घरोघरी कामगाराचे जुने गणवेश, फाटक्या जीन्स, विटलेल्या चादरी असतात. त्यात २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि कापडी पिशवीला मागणी आली. वस्तीतल्या सहा-सात जणींनी विहाराच्या खोलीत दोन मशिनी मांडल्या.

पहिला विरोध घरातूनच झाला. एक वयस्क आजी म्हणाल्या, “अरे बाबा, आमचा जन्म लोकांच्या उतरलेल्या कपड्यांत गेला. आता शिकलेल्या पोरींनी पुन्हा चिंध्याच गोळा करायच्या का?” प्रश्न रास्त होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असा नियमच आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. नीटनेटक्या राहा, कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असू द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे ठिगळाची लाज नाही, लादलेल्या घाणीची चीड आहे.

भगवान बुद्धांच्या संघात तर भिक्खू स्मशानातल्या आणि उकिरड्यावरच्या चिंध्या स्वतःहून वेचून, धुऊन, शिवून चीवर करीत. मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदांना तशाच तुकड्यांचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदांनी ते केले, असे महावग्गात आहे. चुल्लवग्गातली गोष्ट याहून आपल्या उपयोगाची. इतक्या चीवरांचे काय करणार, असे उदेन राजाने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. पुढे त्यांच्या गादीच्या खोळी, मग जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि शेवटी चिंध्या चिखलात तुडवून त्याने जमीन लिंपू. एक धागा वाया जाऊ द्यायचा नाही, हा हिशेब अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. आजींना हे वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घरच्या दोन जुन्या चादरी घेऊन आल्या.

आता कामाचे. तुकडे आधी धुऊन वाळवावेत, कारण नवे सुती कापड आटते आणि शिवल्यावर आटले तर पिशवी वाकडी होते. एका जाडीचे तुकडे एकत्र जोडावेत. चाकणच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला डब्याची पिशवी हवी असते. तिला ३५ सें.मी. रुंद व ४० सें.मी. उंच असे दोन भाग घ्यावेत, आत जुन्या चादरीचे अस्तर लावावे. तळाचे दोन्ही कोपरे तिरके दुमडून १२ सें.मी. लांबीची टीप मारली की तळ चौकोनी होतो आणि डबा कलंडत नाही. बंद तोंडाशी नुसता जोडू नये; चौकोनात फुली अशी टीप मारावी, म्हणजे तो उसवत नाही. उरलेल्यात चष्म्याचे घर, सुट्ट्या पैशांचा बटवा, बाळाचे टोपडे होते. गरम भांडे उतरवायच्या फडक्याला मात्र शुद्ध सुती कापडाचेच चार-पाच थर घालून, गोधडीसारखा धावदोरा घालावा. टेरिकॉट तापले की वितळते आणि हाताला चिकटते. शंका असेल तर एक दोरा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची राख होते. टेरिकॉटच्या दोऱ्याला टोकाशी कडक मणी येतो.

आता हिशेब. एका डब्याच्या पिशवीला आमच्या बायकांना ४५ मिनिटे लागत. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ४५. दोरा आणि बंदाची पट्टी ७, मशीनचे तेल, सुई, दुरुस्ती ३. एकूण ५५. एक व्यापारी नगाला २० रुपये देत होता. त्यातून १० रुपये खर्च वजा जाता बाईच्या हाती राहतात १०, म्हणजे तासाला जेमतेम तेरा रुपये! “घरी बसल्या बसल्या होतं की,” असे तो म्हणे. घरी बसलेल्या बाईचा तास साठ मिनिटांचा नसतो काय?

दहा पिशव्यांचे कापड एकदम कापायला लागल्यावर वेळ ४५ वरून ३० मिनिटांवर आला आणि खर्च ४० रुपये. बैठकीत ठरले, चाळीसच्या खाली द्यायचे नाही. व्यापाऱ्याने पाठ फिरवली. तीन आठवडे माल पडून राहिला. एका ताईंच्या घरी मुलाची फी थांबलेली. वीस तर वीस, देऊन टाकू, असे त्या म्हणू लागल्या. त्यांचे चुकत नव्हते. बाकीच्यांनी वर्गणी काढून फी भरली आणि पिशव्या नवऱ्यांच्या, भावांच्या हाती कारखान्यात पाठवल्या. कॅन्टीनमध्ये सोबत्यांनी पाहिल्या, विचारल्या. पन्नास रुपयांनी विकल्या गेल्या. खप थोडा आहे, पण वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या तासांचे पैसे लिहिलेले आहेत.

भगिनींनो, मशीनशेजारी एक वही ठेवा. किती वाजता बसलात आणि किती वाजता उठलात एवढेच लिहा. चिंधीला किंमत नव्हती, हे खरे. पण तिला पिशवी केली ती तुमच्या हातांनी. भाव सांगताना आधी त्या हातांची मजुरी धरा, मग दोऱ्याची किंमत.