मातीचें स्मारक

दोन वर्षांपूर्वीं आमचें कुटुंब निवर्तलें. रघुवंशाचा आठवा सर्ग आम्हीं शाळेंत कितीएक वर्षें शिकविला. इंदुमतीसाठीं अजराजानें केलेला विलाप समास सोडवून, वृत्त सांगून मुलांकडून घोकून घेतला. त्यांतील शोक मात्र आम्हांस त्या दिवशीं कळला. गांवच्या देवळाच्या सभामंडपांत तिच्या नांवाची संगमरवरी शिला बसवावी, असें चिरंजीवांच्या मनांत आलें. आम्हीं रुकार दिला, आणि शिलेसाठीं शार्दूलविक्रीडित वृत्तांत एक संस्कृत श्लोकही रचला.

पुढें एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून इंग्लंडास जाण्याचा योग आला. त्यानें आम्हांस सरे परगण्यांतील कॉम्प्टन या खेड्याच्या दफनभूमींतील प्रार्थनामंदिर दाखविलें. टेकडीवर तांबूस मातीची ती वास्तु उभी आहे. भिंतींवर वेलबुट्टी, पक्षी व देवदूत दाटलेले. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या विख्यात चित्रकाराची पत्नी मेरी हिनें ती कल्पिली. मेरीचा जन्म १८४९ सालीं हिंदुस्थानांतच झाला होता. १८८६ सालीं विवाह झाला तेव्हां ती छत्तीस वर्षांची, तर पति एकोणसत्तर वर्षांचे होते.

१८९५ सालीं गांवानें नवी दफनभूमि घेतली, तेव्हां तेथील मंदिराचें काम या बाईंनीं अंगावर घेतलें. खर्चाचा भार पतीनें आपल्या चित्रांच्या प्राप्तींतून उचलला. बाईंना कुशल कारागीर आणवितां आले असते. परंतु त्यांनीं गांवच्या साध्या माणसांसाठीं सायंकाळचे वर्ग चालविले, जवळच मिळालेली माती त्यांच्या हातीं दिली, आणि सत्तरांहून अधिक ग्रामस्थांकडून नक्षीचे मृण्मय फलक घडवून घेतले. १८९८ सालीं मंदिराचा संस्कार झाला. आंतील सोनेरी, तांबडें, निळें उठावाचें काम १९०४ सालीं पुरें झालें. त्याच वर्षीं पति निवर्तले. मात्र मंदिर त्यांच्या एकट्याच्या नांवें नाहीं. भोंवतालीं विसांवलेल्या सर्वांच्या प्रेमळ स्मृतीस तें अर्पण केलेलें आहे.

वाचकहो, तेथें उभे असतां आम्हांस आमची ओसरी आठवली. शेजारीं कामास येणाऱ्या तीन बायकांना आमचें कुटुंब रोज दुपारीं अक्षरें शिकवीत असे. पाटीवरील तीं वांकडीं अक्षरें पाहून आम्ही पंडित हंसत असूं. तिच्यामागें वर्ग बंद पडला, त्याची आम्हांस खंतही वाटली नाहीं. आणि आतां तिच्या स्मरणार्थ आम्हीं जो श्लोक रचिला होता, त्यांतील एक अक्षरही त्या तिघींना लागलें नसतें! ताजमहाल घडविणाऱ्या कारागिरांचा तो शोक नव्हता. कॉम्प्टनच्या मातीला मात्र तेथल्याच रहिवाशांचे हात लागले आहेत.

परत आल्यावर शिलेचें काम आम्हीं थांबविलें, आणि त्या तिघींना निरोप धाडला. एक गांव सोडून गेली होती, दोघी आल्या. आतां दुपारीं ओसरीवर आम्ही बसतों. चिरंजीवांना सांगितलें आहे कीं, शिलेवर श्लोक नको. केवळ नांव असावें, आणि तें या दोघींच्या हातचें कोरावें. जोडाक्षर अद्याप त्यांना साधत नाहीं. कांहीं महिने लागतील. आम्हांस घाई नाहीं.