तबकडीवरची लावणी

शृंगाराची लावणी कानीं पडली कीं आपल्या पांढरपेशा घरांत वडीलधारीं माणसें खाकरूं लागतात. वास्तविक लावणीकार रामजोशी (१७६२–१८१२) हे सोलापूरचे ब्राह्मणच! मग चावटपणा शब्दांत असतो कीं ऐकणाराच्या मनांत? याचा छडा लावावा म्हणून मीं निरनिराळ्या काळच्या लावण्या एकीमागून एक ऐकल्या.

पहिली तबकडी सुंदराबाई जाधवांची. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस गाणें मावे तें सुमारें ३ मिनिटांचें. बैठकींत गायिका एकाच ओळीवर थांबून नजरेनें आणि हातानें तिचे नाना अर्थ दाखवी. तबकडीवर ना नजर, ना हात. उरला तो निव्वळ आवाज, आणि त्यांत मला थिल्लरपणा नव्हे, तर कसून केलेली तालीम ऐकूं आली. दुसरी लावणी यमुनाबाई वाईकरांची (१९१५–२०१८). येथें सवड अधिक. एकच शब्द त्या फिरफिरून घेतात, आणि दर खेपेस त्यांतून कधीं रुसवा, कधीं आर्जव, कधीं टोमणा निघतो. तिसरी सुलोचना चव्हाणांची (१९३३–२०२२). ही चित्रपटांतली, ढोलकीवर धांवणारी, ठसक्याची. तिघींत मोकळे शब्द हिचेच. पण गाणाऱ्या बाई मात्र पदर ढळूं न देतां गाणाऱ्या!

शब्दांवरून माणसाची पारख करूं नये, एवढें यावरून दिसलेंच. पण मला अधिक बोंचली ती निराळीच गोष्ट. ‘एकच प्याला’ (१९१९) या दारूच्या धिक्काराच्या नाटकांतील कित्येक पदांच्या चाली सुंदराबाईंकडून आलेल्या. पतिव्रता सिंधूचीं तीं पदें बालगंधर्वांच्या मुखानें घरोघर गेलीं. आमच्या आजेसासूबाईंना तीं तोंडपाठ होतीं. गातांना त्यांचे डोळे भरून येत. शेजारीं लावणी लागली म्हणजे मात्र त्या दार लोटून घेत. ज्या गळ्यांतली चाल त्या देवघराशीं बसून गुणगुणत, त्याच गळ्याला दाराबाहेर ठेवीत आहों, हें त्यांना कोणीं सांगितलें असेल?

यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, नव्वदी उलटल्यावर. सरकारनें उशिरां कां होईना, पाट मांडला. आपण गाण्याला आंत घेतलें आणि गाणारीला ओसरीवरही बसूं दिलें नाहीं. हें ऋण मुलींना सांगितल्यावांचून सिंधूचीं पदें त्यांना शिकवूं नयेत, असें मला वाटतें.